कायमचा पत्ता

माझ्या मुलीला फसवलं गेलं. ती कांजूरमार्गला जन्मली, कांजूरमार्गला आजारी पडली आणि इस्पितळाच्या कागदांत सिंधुदुर्गातली मुलगी म्हणून मेली. फसवलं एका मोठ्या इस्पितळाने आणि ज्यांना आजार मोजण्याचा पगार मिळतो अशा माणसांनी. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहेच, पण गोष्ट खरी आहे.

माझा धंदा जुन्या दरवाजा-खिडक्यांचा. पाडलेल्या इमारतींचा माल घ्यायचा, घासून-पुसून रस्त्याकडेला उभा करायचा आणि विकायचा. वडील गिरणीत होते, मी गिरणीची पायरी चढलो नाही. सागाचं म्हणून ऐनाचं लाकूड माझ्या गळ्यात मारणारा अजून जन्माला यायचा होता. गिऱ्हाईक एक बोललं की मी तीन बोलायचो. बायको म्हणायची, ह्यांना नमस्कार घातला तरी म्हणतील, जरा अजून वाका.

गोष्ट बरीच जुनी. मुलगी तेव्हा दुसरीत होती. सकाळी उठली की डोकं धरायची, उपाशीपोटी उलटी करायची आणि तासाभराने उड्या मारायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "शाळेच्या वेळेलाच बरी हिला उलटी होते!" आमच्या डॉक्टरने जंतांचं औषध दिलं. घाटकोपरला डोळ्यांचा डॉक्टर होता, त्याने चष्मा दिला. चष्मा आला तरी ती मान एका बाजूला कलती करून बघायची.

"सरळ बघ की गं. मान का वाकडी करतेस?"

"सरळ बघितलं की तुम्ही दोन दिसता, बाबा."

"दोन?"

"हो. एक भांडतो आणि एक गप्प बसतो."

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी ती भिंतीला हात लावून चालायला लागली, तेव्हा हसू थांबलं.

तिला मोठ्या इस्पितळात नेलं. खिडकीपलीकडे कारकून होता. नाव, वय लिहून झाल्यावर त्याने मान वर न करता विचारलं, "कायमचा पत्ता?"

मी गावाचा पत्ता सांगितला. मु. पो., तालुका कणकवली. तुम्ही म्हणाल, कांजूरला राहत होतास तर गावाचा पत्ता कशाला? अहो, आमची वस्ती कायमची आहे असं कोण म्हणत होतं? दर वर्षा-दोन वर्षांनी तोडायला गाडी यायची. आमची खोली आज आहे, उद्या नाही. कायमचं म्हणजे गावचं घर, जिथे आम्ही गणपतीला चार दिवस जायचो. कायमचा पत्ता विचारला की मुंबईतला आमच्यासारखा माणूस गावच सांगतो. मुंबईचा पत्ता म्हणून कारकुनाने आपल्या मनाने लिहिलं, 'मुंबई'. एवढंच. त्यात मुलुंडही आलं आणि कुलाबाही.

स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गाठ आहे, कॅन्सरची. मला वाटलं मी चुकीच्या खोलीत शिरलो. कॅन्सर म्हणजे तंबाखू खाणाऱ्या म्हाताऱ्यांचा. माझ्या मुलीचे दुधाचे दातही अजून सगळे पडले नव्हते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"ऑपरेशननंतर काही महिने मिळतील. सहा-आठ, कदाचित."

"वर्ष करा, साहेब."

"हे माझ्या हातात नाही."

"बरं, दिवाळी धरा. दिवाळीपर्यंत तरी द्या."

बायकोने माझा शर्ट ओढला. "अहो, इथे पण घासाघीस करता?" आणि तिथेच, डॉक्टरांसमोर, तोंडाला पदर लावून खाली बसली. धंद्यात समोरचा माणूस थोडा तरी हलतो. हा माणूस हललाच नाही.

वॉर्डात एका ओळीत चार खाटांवर हाच आजार होता. चौघांचंही मुंडण केलेलं. मुलांच्या आया एकमेकींना गावावरून ओळखायच्या. एक सांगोल्याची, एक देवगडची, एक साताऱ्याची आणि आमची ही कणकवलीची. देवगडची मालवणीत बोलायची म्हणून बायकोचा जीव तिच्यात जास्त. पण बोलणं सगळं मुलांचं. काय खाल्लं, किती ओकलं, ताप आला का.

एका दुपारी बायको सहज म्हणाली, "आमच्या रेशन दुकानात आज रॉकेल आलं असेल. आता कोण जाणार रांगेत?"

सांगोल्याची म्हणाली, "आमच्याकडे पण आजच येतं. पिठाच्या गिरणीशेजारच्या दुकानात."

"पिठाची गिरणी? ती मारुतीच्या देवळासमोरची?"

"तीच. तुम्हाला कसं माहीत?"

"अगं बाई, ते माझंच दुकान! तू राहतेस कुठे?"

"कांजूरला. देवळाच्या मागे."

देवगडची उठून बसली. "काय सांगतंस? आमी नाहूराक रवतो." साताऱ्याची भांडुपची निघाली. चौघींची गावं कुठच्या कुठे आणि चौघींचे संसार लागोपाठच्या तीन स्टेशनांवर. बायको मला सांगायला जिन्यात आली. "अहो, ही सगळी आपल्याच बाजूची मुलं आहेत." मी म्हटलं, "काहीतरीच." मग स्वतः जाऊन एकेकीला विचारलं. खरं होतं.

मुलगी दिवाळीआधी गेली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

महिन्याभराने डॉक्टरांकडे गेलो. शांत राहायचं ठरवून गेलो होतो. विचारलं, "साहेब, आमच्या भागात हा आजार जास्त आहे का?"

"नाही हो. मुलं सगळीकडून येतात. सांगोला, सातारा, देवगड, तुमचं कणकवली. एका भागातली नसतात."

मला आधी कळेचना की ते काय म्हणताहेत. मग कळलं, ते कागदावरचे पत्ते सांगत होते.

"साहेब, ती सांगोल्याची पोर माझ्या मागच्या गल्लीत राहते. सांगोला तिने दोनदा पाहिलाय, तोही लग्नाला गेली म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण पत्ता तर…"

"कायमचा विचारलात ना तुम्ही!"

त्यांनी समोरचे कागद पुन्हा चाळले. मग हळू आवाजात म्हणाले, "चार मुलांवरून काही सिद्ध होत नाही. योगायोग असू शकतो."

"असेल. पण मोजलं नाही तर योगायोग आहे हे तरी तुम्हाला कसं कळलं?"

माणूस खोटा नव्हता. त्यांनी मला आरोग्य खात्याच्या ऑफिसात जायला सांगितलं. तिथला साहेब चहा पीत होता. माझं ऐकून तो जवळजवळ खूश झाला. "तुमच्या भागात अशी एकही केस नाही. चांगलंच आहे की!"

"माझी मुलगी मेली," मी म्हटलं.

"ती कणकवलीची. तिकडे विचारा."

मी टेबलावर हात आपटला, कप आडवा झाला, शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. लिफ्टवाला म्हणाला, "जाऊ दे ना यार, इथे ओरडून वाट कुणाची लागणार? तुझीच." तरी मी सिंधुदुर्गालाही गेलो. जिल्ह्याच्या आरोग्य ऑफिसातल्या माणसाने सरळ सांगितलं, "मूल इथे राहिलंच नाही, आजारी इथे पडलं नाही, मेलं मुंबईत. आम्ही कसं धरणार?" त्याचंही बरोबर होतं. म्हणजे कांजूरने तिला धरलं नाही आणि कणकवलीनेही नाही. मी एस.टी.त बसलो तेव्हा मला रडू आलं नाही. मी नुसता हबकून बसून होतो. माझं मूल कुठेच नव्हतं.

आमच्या वस्तीसमोर, रस्त्यापलीकडे रंगाचे, औषधांचे कारखाने होते. त्यांच्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. माल न बघता मी भाव सांगत नाही. पाण्यात काही होतं का, हवेत होतं का, की खरंच योगायोग होता, मला माहीत नाही. पण माझा धाकटा मुलगा तेच पाणी पीत होता, त्याच हवेत खेळत होता, आणि वस्तीत शंभर पोरं होती. त्यांच्या आईबापांनी सकाळच्या उलटीला जंत समजायचं की इस्पितळ गाठायचं, हे कुणी सांगायचं?

तेव्हा आकडे मांडणारे साहेब आता निवृत्त झाले असतील, पेन्शन घेत असतील. त्यांना मी विचारतो, आणि आज त्यांच्या खुर्चीत जो बसला असेल त्यालाही. आमची मुलं राहत होती कुठे, हा साधा प्रश्न तुम्ही का विचारला नाहीत? कांजूर, नाहूर, भांडुपची किती मुलं त्या वॉर्डात आली आणि किती परत गेली? वारलेल्या मुलांची नावं ज्या कागदांत असतील तिथून शोधून काढा, मोजा आणि मला सांगा. योगायोग म्हणायचं असेल तर मोजून झाल्यावर, माझ्या बायकोसमोर उभे राहून म्हणा.