चांदणीचा उजवा पाय

दत्तूने मला फसवलं. माझी घोडी चांदणी विकत घेताना त्याने शब्द दिला होता, की तिचे खूर ठिसूळ आहेत म्हणून तिला तळ्याकाठच्या मऊ वाटेवरच चालवीन. दत्तू पाहुण्यांना घोड्यावरून फिरवतो; परवा मी त्याच्या डोंगरातल्या तळावर तंबू ठोकून राहिलो. संध्याकाळी दोन झाडांमध्ये ताणलेल्या दोराला घोडे बांधले होते. मी जवळ जाताच चांदणीने न सांगता पुढचा उजवा पाय उचलून माझ्या हातात दिला. बारा वर्षं रोज याच वेळी मी तिचे खूर साफ करायचो, आधी उजवा. आता खुराला चीर गेली होती आणि फटीत कड्याच्या वाटेवरची खडी रुतली होती.

"अण्णा, पाहुण्यांना कडाच बघायचा असतो," दत्तू म्हणाला. "आणि विकल्यावर घोडी कुणाची?"

सौद्यात मी कधी कुणाला हार गेलो नाही. पण सौदा माणसांत होतो, जनावराला तो कुणी सांगत नाही. तिच्या लेखी मी फक्त उशिरा आलो होतो. मी खडी काढली, तशी तिने दुसरा पाय उचलला.

दत्तू, याचं उत्तर तुला द्यावं लागेल, पण मला नको. उद्या खोगीर घालण्याआधी तिचा पाय हातात घे आणि शब्द का मोडलास ते तिला सांग.