इन्स्पेक्टरचं पोट

पोटात गॅस आणि कंपनीत किस्से, दोन्ही नकळत साठतात. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या पार्टमध्ये खोट काढतो, आणि माझ्या पोटाची खोट अख्ख्या कंपनीला पाठ. मी मध्येच पळालो की लाइन थांबते. त्यामुळे सगळ्यांना एकच धास्ती, ऑडिटच्या दिवशी हे पोट काय करील?

*

निगडीहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये प्रत्येकाकडे रामबाण उपाय असतो. एकानं ओवा दिला, दुसऱ्यानं हिंग, तिसऱ्यानं सोडा. कुणाचं मन मोडायला नको म्हणून मी एकाच सकाळी तिन्ही घेतले. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली आणि मला घाम फुटला.

ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "भाऊ, पुढं पेट्रोल पंप हाय. तिथवर धरा."

तेव्हापासून दारालगतची सीट माझ्यासाठी रिकामी असते.

*

एकदा कॅन्टीनमध्ये छातीत अशी जळजळ झाली की मी खरंच घाबरलो. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मेंटेनन्सचे सलीमभाई मला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेले. ईसीजी नॉर्मल आला.

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"विशेष काही नाही."

"मिसळच होती, डॉक्टर," सलीमभाई म्हणाले. "दोन प्लेट. वर तर्री मागून."

*

डॉक्टरांनी गोळी दिली, रोज सकाळी उपाशीपोटी. काही दिवसांनी परत गेलो, तर पाकीट जसंच्या तसं.

"थर्ड शिफ्ट होती, डॉक्टर, रात्रीची. सकाळी पोट भरलेलं असतं, आणि उपाशी असतो तेव्हा संध्याकाळ असते. फर्स्ट शिफ्ट लागली की सुरू करणार होतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अहो, तुम्ही उठाल ती तुमची सकाळ."

*

आमच्याकडे मशीन बिघडलं की 'का, का' विचारत मूळ कारण शोधतात. सलीमभाईंनी ती पद्धत माझ्यावर चालवली.

"जळजळ का?"

"चहा जास्त होतो."

"का?"

"जेवलं की झोप येते."

"का?"

"जेवण जड होतं. घरचा डबा संपवून मी कॅन्टीनमध्येही जेवतो."

"ते का?"

"फुकट असतं."

सलीमभाईंनी पाना पेटीत टाकला. "मशीन असतं तर भंगारात काढलं असतं, राव."

*

आणि मग ऑडिट आलं, गिऱ्हाईक कंपनीची तपासणी. पास झालो तर नवी लाइन आमची, नाहीतर कॉन्ट्रॅक्टवरची पोरं घरी बसणार. पोटानं दगा देऊ नये म्हणून मी सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं. पार्ट मोजून दाखवत होतो, हा ओके, हा रिवर्कला, म्हणजे परत दुरुस्तीला. तेवढ्यात ऑडिटर थबकले.

"ही गुरगुर कसली? बेअरिंग गेलंय का?"

सलीमभाईंनी मशीन बंद केलं. गुरगुर सुरूच, चांगली लांबलचक. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

ऑडिटरांनी आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. कागदावर सही केली, पेन खिशाला लावलं.

"लाइन ओके. इन्स्पेक्टर रिवर्कला पाठवा."