परबांकडचा पेशंट

माझी फजिती मीच सांगून टाकतो, नाहीतर दुसरा कोणी तिखटमीठ लावून सांगेल!

एसटीतून निवृत्त झालो आणि कॅन्सरच्या पेशंटांना सोबत करणाऱ्या कुडाळच्या गटात शिरलो. उपचार डॉक्टरांचे, गप्पा आमच्या. जन्मभर कंडक्टरकी केलेल्या माणसाला गप्पा काय शिकवायच्या?

पहिलीच भेट पिंगुळीला. गट चालवणाऱ्या शुभाताई फोनवर म्हणाल्या, "परबांकडे जा. पेशंटनं पुढच्या केमोला साफ नकार दिलाय. भेटायला येणारे सुतकी तोंडं करून बसतात, त्यालाच कंटाळून. बघा तुमच्यानं जमलं तर." त्या पुढेही काही सांगत होत्या. पण मी तोवर चपला घातल्या होत्या!

पडवीत एक गृहस्थ बसलेले. अंगानं काटकुळे, डोक्याचा चकोट. झालं! आणखी काय पुरावा हवा?

मी शेजारी बसलो, हात हातात घेतला. "कसं वाटतंय, दाजी?"

"काय सांगू? रातची झोप नाय, जेवाण घशाखाली उतारना नाय!" आणि ते ढसाढसा रडायलाच लागले. "आतापरेंत माका कोणी इचारलाच नाय ओ!"

मी पाठीवरून हात फिरवला. "गोव्याच्या हॉस्पिटलात जायचं ना केमोला?"

"मी तयार आसंय! उद्या म्हणशात तर उद्या!"

बघा! चहा यायच्या आत काम फत्ते! मी तिथूनच ताईंना फोन लावला. "पेशंट तयार! आणखी कोणी हट्टी असतील तर द्या माझ्याकडे!"

इतक्यात डोक्याला रुमाल बांधलेल्या वहिनी चहा घेऊन आल्या. कोकमं सोलून हात लालभडक. मी त्यांनाही सोडलं नाही.

"वहिनी, तुम्ही आहात चांगल्या धडधाकट. दाजींना जरा जपा. आजारी माणूस आहे."

दाजींचं रडणंच थांबलं. "ओ, माका काय झाला? आजारी ही आसा!"

"मग हे डोकं?"

"हिच्यासाठी बालाजीक नवस बोललंय. केस देवन इलंय!"

वहिनींनी रुमाल सोडला. तिथेही चकोट! मला चहा गिळवेना की थुंकवेना.

आणि वहिनी हसू लागल्या. हसता हसता मटकन खालीच बसल्या. "आजारी पडल्यापासून माका धडधाकट म्हणणारो ह्यो पयलोच माणूस! येतंय मी केमोक. पण ह्या पावण्यांका सोबतीक घेवन. तोंडा पाडून बसणारे नको!"

केमो पुरी झाली. प्रत्येक खेपेला मी बरोबर होतो, आणि त्याचा मला भारी अभिमान आहे, उगाच कशाला लपवू? आज वहिनी आमच्याच गटात आहेत. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पेशंटला त्या बोलतं करतात तेव्हा माझी छाती अशी फुगते की विचारू नका.

परवा दोघं एका नव्या घरी गेलो. मी आपला ऐटीत पुढे. वहिनींनी अंगणातच माझा हात धरला.

"तुमी हयच रवा. आजारी कोण आसा ता मी आधी बघून येतंय!"