न्हायच्या पुढचं वाक्य

मी धाराशिवच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला मराठी शिकवते आणि माझा आवाज मोठा आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या. येडशीहून रोज एसटीनं जाते. कंडक्टर अख्ख्या गाडीवर खेकसतो, माझ्यावर कधी खेकसत नाही. एकदा प्रयत्न केला होता बिचाऱ्यानं.

वर्गात माझा सगळ्यात आवडता उद्योग म्हणजे वैचारिक लेखाची चिरफाड. लेख घ्यायचा आणि सांधा न् सांधा सुटा करायचा. लेखकाचा दावा कोणता, त्याला आधार काय, उलट बाजूच्या माणसाला त्यानं कुठं बोलू दिलं, आणि निष्कर्षापर्यंत तो चालत गेला की मधूनच उडी मारली. पोरांना पहिल्याच तासाला विचारलं, "दावा म्हणजे काय?" तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, कोर्टात टाकत्यात त्यो." आता ह्याला चूक तरी कसं म्हणावं? इथं ज्याच्याकडं शेत आहे त्याचा बांधावरून एखादा दावा चालूच असतो. तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, "न्हाय मॅडम, शेळीला बांधत्यात ते दावं." मी आधी भडकले. मग म्हटलं, चालतंय की! फळ्यावर खुंटा काढला, दोरी काढली, शेळी काढली. खुंटा म्हणजे लेखकाचं म्हणणं, दोरी म्हणजे त्याची कारणं आणि शेळी म्हणजे वाचणारे तुम्ही. दोरी कच्ची असली की शेळी शेजाऱ्याच्या तुरीत. माझी शेळी बघून वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले. तेही हसले. त्यांना मी नंतर स्टाफरूममध्ये बघून घेतलं.

भाषेचीही तपासणी असतेच. लेखक 'हे सर्वश्रुत आहे' म्हणाला की तिथं लाल रेघ मारायची, कारण तिथं त्याच्याकडं पुरावा नाही. 'कुणीही नाकारणार नाही' म्हणाला की समजायचं, नाकारणारे बरेच आहेत. आणि 'पण' आला की सावध व्हायचं. पणच्या आधी सगळा मानपान असतो, माणसाला जे बोलायचं असतं ते पुढं येतं. माझी पोरं आता लग्नपत्रिकेतसुद्धा 'पण' शोधतात.

हे सगळं ज्ञान घराचा उंबरा ओलांडला की मातीत जायचं. कारण घरात सासूबाई होत्या. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दारातल्या निळ्या बॅरलला त्या आमचा पोरगा समजून "जेवलास का रं?" असं विचारायच्या आणि बॅरलनं उत्तर दिलं नाही की पोराला मॅनर्स नाहीत म्हणून माझ्यावर घसरायच्या. चहात एकदा मीठ पडलं, ते आम्ही निमूट प्यालो. हसण्यावारी नेत होतो आम्ही. मग एके दिवशी पायरी समजून त्यांनी बसलेल्या शेळीवर पाय दिला. शेळी उठली, आत्या आपटल्या. नशीब, हाड वाचलं. धाराशिवला डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, मोतीबिंदू पार पिकलाय, आता लांबवाल तर ऑपरेशन अवघड होऊन बसेल आणि आहे तेवढंही दिसायचं जाईल. आत्यांनी आयुष्यभर सगळं नजरेनं केलेलं. दाण्यातला खडा लांबून ओळखणारी बाई ती.

म्हणजे विषय मिटायला हवा होता की नाही? तारीख घ्यायची, जायचं, करून यायचं. पण घरी आल्यावर ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विचारलं, "आई, मग करायचं ना डोळ्याचं?" आणि आत्या म्हणाल्या, "न्हाय..."

झालं! ह्यांना 'न्हाय' ऐकू आलं की पायात चप्पल येते. हे शेताकडं निघून गेले. राहिले मी.

आणि मी तर काय, वाद म्हटल्यावर माझ्या अंगात येतं. "न्हाय म्हणजे काय आत्या? डॉक्टर काय येडे आहेत का?" इथून सुरुवात केली आणि मुद्देसूद बोलले. दावा मांडला. आधार दिले, शेळीचा तर पहिलाच. त्यांच्या मनात येतील त्या शंका मीच काढल्या आणि मीच खोडल्या. वर्गात असते तर पोरांनी वहीत उतरवून घेतलं असतं असं बोलले. आत्या ऐकून घेत होत्या आणि मधून मधून "व्हय, व्हय" करत होत्या. मला वाटलं, जिंकलं! शेवटी विचारलं, "मग घ्यायची ना तारीख?"

"न्हाय..."

माझं डोकंच फिरलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात रोज वादविवाद स्पर्धा. मी कॉलेजातून यायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि उभी राहायचे. त्यांनीही आता आपली बाजू घेतली. "मुरुम गावच्या माझ्या भनीनं डोळा केला, तिला सगळं निळं निळं दिसायलंय." मी म्हटलं, हे एकाच माणसाचं उदाहरण झालं, एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. "आदी सोयाबीनची रास हू दे." मी म्हटलं, हा मुद्दा विषयाला सोडून आहे. "शेळी गाभण हाय." आता ह्याला काय म्हणू? "आत्या, ज्या शेळीवरून तुम्ही पडला तिचंच कारण तुम्ही पुढं करताय!" त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणून तर. तिला धक्का बसलाय." बाई गं! हा प्रतिवाद कुठल्या पुस्तकात बसवायचा ते सांगा मला. ह्यांना मी एकदा शेतातून ओढून आणलं, म्हटलं आईला तुम्ही सांगा. हे म्हणाले, "आई, ऐक की गं." आत्या म्हणाल्या, "न्हाय..." आणि चप्पल वाजली.

दिवस चालले होते. आत्या भिंतीला हात लावून चालायला लागल्या होत्या. ते बघितलं की मी आणखी जोरात बोलायचे. माझी मायासुद्धा वरच्या पट्टीतच बाहेर पडते, त्याला मी तरी काय करू?

अशात माकडं आली. रामलिंगाच्या देवळाकडची माकडं येडशीत हिंडतात, ते काही नवं नाही. पण त्या रविवारी पूर्ण टोळी आमच्या पत्र्यावर उतरली. वर भुईमुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या. मी अंगणात उभी राहून ओरडले. शिव्या दिल्या, शपथा घातल्या. एका म्हाताऱ्या वानराला तर मी कारणंसुद्धा दिली, अरे ह्या बियाण्याच्या शेंगा आहेत म्हणून! त्यानं माझ्याकडं बघत शेंग सोलली. संध्याकाळपर्यंत शेंगा संपल्या आणि माझा आवाजही. घसा असा बसला की फुंकर मारल्यासारखी नुसती हवा निघे. गावातले डॉक्टर म्हणाले, एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. हे ऐकून ह्यांनी डॉक्टरांना चहा पाजला. त्या खुशीत आत्यांना सांगायचं मात्र राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात फळ्यावर लिहिलं, 'आज तुम्ही बोला. विषय : वर्गात मोबाइल असावा का?' आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. पोरांना काय, दिवाळीच! मी प्रत्येकाचं वाक्य सोडवत बसले, दावा कुठं, आधार कुठं. थोड्या वेळानं बघते तर काय, जो उठतोय तो 'न्हाय' म्हणून सुरू करतोय. विरोधात बोलणारा न्हाय म्हणतोय, त्याचं काही वाटलं नाही. पण बाजूनं बोलणाराही न्हायच! "न्हाय, बरोबर हाय तुझं, त्यात मी भर घालतो." "न्हाय, मलाबी तेच म्हणायचं हाय." "न्हाय, लई भारी मुद्दा काढलास." आणि ज्याला समोरच्याचा मुद्दा पार झोपवायचा होता तो मात्र सुरुवातीला "व्हय, व्हय" म्हणत होता, लाडानं.

जन्म इथला, बोलणं इथलं, आणि हे मला कधी दिसलंच नव्हतं. आमचा न्हाय नकार नसतो हो सगळ्या वेळी! गळा साफ करावा तसा तो आधी काढून टाकतात आणि मग म्हणणं सुरू होतं. बोलायला लागलोय, इकडं बघा, एवढाच त्याचा अर्थ. छापील लेखात दावा पहिल्या ओळीत सापडतो, तो आमच्या बोलण्यात पार शेवटच्या बाकावर बसलेला असतो. तिथपर्यंत थांबायला लागतं. आणि मी पोरांना इतकी वर्षं काय शिकवत होते, तर पहिल्या वाक्यात शोधा.

हे मी तासापुरतंच धरून बसले होते, बरं का. इतकं सगळं कळूनही घरी आले तेव्हा डोक्यात आत्या नव्हत्या, गरम पाण्याच्या गुळण्या होत्या.

आत्या ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या, बोटांनी चाचपून. पाकळी ताटात आणि टरफल बाहेर पडायला पाहिजे, ते उलटं चाललं होतं. हे तिथंच बसलेले. माझ्या घशामुळं हिंमत आली असावी, त्यांनी आपणहून विचारलं, "आई, डोळ्याचं मग काय करायचं?"

"न्हाय..." आत्या म्हणाल्या.

ह्यांनी चपलेकडं पाय सरकवला. मी सवयीनं पुढं झाले, श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली. काहीच आवाज नाही. आणि त्या शांततेत आत्यांचं वाक्य पुढं निघालं.

"न्हाय, डोळं करायचंच हाय की मला. पयल्या दिसापासनं सांगायलेय. पुरतं बोलू कोण देतंय इथं? मी तोंड उघडलं की ही सुरू. मग मीबी म्हणलं, हिला भांडायचं हाय तर भांडू."

ह्यांचा पाय चपलेत अर्धाच राहिला.

"पण," आत्या म्हणाल्या, आणि मी सावध झाले, "ह्याच्यासंगं जायाची न्हाय मी. हा सुई बघून खाली पडतोय. तितं माझा डोळा बघतेल का ह्याला उचलतेल? तू चल. तू रजा काढून ये. आन् डॉक्टर बोलंल तवा मधी बोलू नको, त्येला पुरतं बोलू दे."

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी लसणाचा हात पुढं केला आणि माझ्या तोंडाचा अंदाज घेत गालावर ठेवला.

"लई दिस झालं बया, तुझा निस्ता आवाजच येतोय. तोंड दिसंना. कशी झालीस, बारीक का जाड, ध्यानातच येईना. आवाजावरनं तर मला वाटायलंय म्हशीएवढी झालीस. बघायची हायेस मला तू."

माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. लसणामुळंही असेल.

"येतीस का मग?"

मी मान हलवली. जोरजोरात हलवली.

आत्या वाट बघत राहिल्या. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं, बॅरलकडं लागली होती. मग त्यांचा हात गालावरून हळूच मागं आला, आणि त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "गप का गं? रजा मिळत न्हाय का? ऱ्हाऊ दे मग."

डॉक्टर गेला खड्ड्यात. मी तो हात धरला, सगळा जीव घशात आणला आणि फाटक्या आवाजात ओरडले, "न्हाय आत्या, येते की!"