कोरडा सोडलेला उतार

सौदीत बर्फावरून गाडी घसरते, हे गावी कोणाला सांगून पटत नाही. आमची साइट तबूकच्या पुढे, डोंगराकडे होती. जानेवारीत पहाटे पारा शून्याखाली जायचा. तिथला बर्फ आकाशातून पडत नव्हता, तो आम्हीच तयार करत होतो. कच्च्या रस्त्यावर धूळ उडू नये म्हणून रोज पहाटे टँकर पाणी मारायचा आणि आम्ही निघेपर्यंत त्या पाण्याची काच झालेली असायची.

चार फिटरना कॅम्पवरून साइटवर नेण्याचं काम माझ्याकडे होतं. आमच्या घरात कॉलेज बघितलेला पहिला मी, आणि स्टिअरिंगला हात लावलेलाही पहिला मीच. कंपनीने विश्वासाने चावी दिली याचे उपकार मी आजही मानतो. गाडीशेजारी उभा असलेला माझा फोटो वडिलांनी आळीतल्या प्रत्येकाला दाखवला होता.

साइटच्या अलीकडे एक लांब उतार होता. एका सकाळी तिथे मी ब्रेक लावला आणि गाडी आडवी होऊन थेट कडेपर्यंत गेली. कोणाला लागलं नाही. पण त्यानंतर उतार जवळ आला की मी गाडी पहिल्या गिअरवर आणायचो. मागे चार माणसं बसलेली असायची, चौघांनाही मुलंबाळं.

मी साहेबांना म्हटलं, "पाणी दुपारी मारूया का?"

साहेब पुण्याकडचे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "काय हो पदवीधर, कोकणात बर्फाचा गोळा खाताना भीती नाही वाटली?" लोक हसले. "द्या ती चावी. आता मी चालवतो, तुम्ही मागे बसा लेडीज सीटवर."

वर त्यांनी सहीचा कागदच लावला: संपूर्ण रस्त्यावर पाणी, रोज पहाटे.

आठ दिवस मी मागे बसलो. साहेब उतारावर मुद्दाम वेग वाढवायचे. गाडी जराही घसरायची नाही. कारण टँकरवाला बिहारी भला माणूस होता. माझी गाडी घसरलेली त्याने पाहिली होती आणि तेव्हापासून तो उतार कोरडा सोडत होता. हे त्याने फक्त मला सांगितलं, तेही मी मागे बसायला लागल्यावर.

आठव्या संध्याकाळी मी त्याला गाठलं.

"साहब का लिखा हुआ हुक्म है. पूरा रास्ता भिगाना. ढलान भी."

त्याने विचारलं, "पक्का, भैया?"

"पक्का."

यात खोटं काहीच नव्हतं.

सकाळी उताराच्या तोंडाशी मी म्हणालो, "साहेब, जरा थांबवा. आम्ही इथून चालत जातो."

"पाचही जण?"

"पाचही."

"उतरा, उतरा. पिकनिक करत या."

सगळ्यात वयस्कर फिटर रत्नागिरीकडचे चाचा. ते उतरता उतरता म्हणाले, "चला रे, पाय मोकळे होतील. सायेब, सांभाळून जावा हां."

मी दार लावून घेतलं.

अर्ध्या उतारावर गाडी स्वतःभोवती एकदा पूर्ण फिरली, मागच्या बाजूने वाळूच्या ढिगात शिरली आणि कलंडली. हॉर्न अडकून वाजत राहिला. आम्ही एकमेकांना धरून कडेकडेने खाली गेलो. साहेब वरच्या दारातून बाहेर आले, उभे राहिले, पडले, पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. चाचांनी हात दिला. मी माझे हात खिशात घातले.

साहेबांचं मनगट मोडलं. याहून वाईट घडू शकलं असतं हा विचार मला दोन दिवसांनी आला, आणि आला तसा गेला. पाणी दुपारी मारायला लागले. चावी माझ्याकडे आली.

हात गळ्यात अडकवलेले साहेब एकदा ऑफिसात दार लोटून घेत म्हणाले, "नेमकं त्याच दिवशी बरं उतरावंसं वाटलं तुम्हाला?"

"भीती वाटली, साहेब," मी म्हणालो.

मी ते उत्तर टँकरवाल्याकडून परत येतानाच तयार ठेवलं होतं.