लांडग्याची खूण

धुळा तसा कमी बोलणारा. जत तालुक्यातला धनगर, उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. पण गावात पुन्हा तपासणी शिबिराचा फलक लागला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मागच्या शिबिराला त्याची बायको अंबूबाई पोट धरून गेली होती. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टरनं पोटाला हातसुद्धा लावला नाही. रक्त काढलं आणि कागद दिला. "कॅन्सरचा मार्कर नॉर्मल आहे मावशी. पित्त आहे हे."

मार्कर म्हणजे खूण, एवढं धुळाला कळलं. मेंढरांच्या पाठीवर तो गेरूनं खूण करायचाच की! अंबूबाईनं कागदाला लॅमिनेशन केलं आणि देव्हाऱ्याशेजारी टांगला. पुढचे आठ महिने पोटात दुखलं की ती त्याच्याकडे बघायची आणि पित्ताची गोळी गिळायची.

सांगलीत पोटात दुर्बीण घातली, तेव्हा जठरातला कॅन्सर यकृतात पोचला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी धुळाला बाहेर नेऊन सांगितलं, की काही गाठी रक्तात एक प्रथिन सोडतात, तोच हा मार्कर; काही गाठी तो सोडतच नाहीत. नुसत्या त्या आकड्यावर कुणाला बरं ठरवायचं नसतं. अंबूबाईला मात्र सगळ्यांनी यकृताला सूज आहे म्हणून सांगितलं.

शिबिरात तोच डॉक्टर, तेच टेबल. धुळानं रांग मोडून भिंतीवरनं काढून आणलेला कागद समोर आपटला.

"रिपोर्ट बरोबरच होता," डॉक्टर म्हणाला. "कधीकधी मार्कर वाढत नाही."

"मग तवा का न्हाई सांगितलं? पावसात गेरू धुऊन जातो, तरी मेंढरू आमचंच असतंय. तोंडावरनं वळखतो आमी. आन् लांडग्याच्या पाठीवर कोण खूण करतं, सायेब?"

डॉक्टरनं पुढच्या बाईला हाक मारली. निर्लज्ज मेला! धुळानं कागद दोन्ही हातांनी ओढला, दातांनी ओढला. लॅमिनेशन काही फाटेना. शेवटी कागद बगलेत मारून तो घरी आला.

अंबूबाई बाजेवर पडल्या पडल्या भिंतीकडेच बघत होती. डोळे हळदीसारखे पिवळे.

"आवं, माजा चांगला कागद कुठं न्हेला व्हता? लावा की जाग्यावर."

दातओठ खात धुळानं तो पुन्हा खिळ्याला अडकवला.