खेकड्याला वांगं

आमच्या गावात पुढच्या महिन्यात कापसाला काय भाव मिळेल हे कोणाला सांगता येत नाही, पण नाल्यातल्या खेकड्याला काय आवडतं ते झाडून सगळ्यांना माहीत आहे. राळेगावच्या बाजारातून कोणी पिशवी घेऊन उतरला की पारावरचे लोक आधी पिशवीचा वास घेतात आणि मग सल्ला देतात. एकाचं म्हणणं, सुकट बांधा. दुसऱ्याचं म्हणणं, सुकटीला येतो तो खेकडा किडकिडीत असतो, बकऱ्याचं आतडं बांधा. तिसरा दोघांना मूर्खात काढतो. तिघांपैकी नाल्यात कोणीच उतरत नाही, कारण गुडघे.

या सगळ्यांवरचे न्यायाधीश म्हणजे आमचे बाबा. एसटीवर ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर गाडी गेली, हॉर्न तेवढा घशात राहिला. त्यांचा कायदा असा होता: कोंबडीचं आतडं घ्यायचं, तेही गावरान कोंबडीचं. एक दिवस शिळं चालेल, सडलेलं चालणार नाही. जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यात ते बांधून बांबूच्या कामट्यांच्या पिंजऱ्यात मधोमध टांगायचं, म्हणजे खेकड्याला वास येतो पण खाऊन पळता येत नाही. संध्याकाळी पिंजरा दगडाच्या आडोशाला ठेवायचा, सकाळी काढायचा. यात कोणी काना-मात्रेचा फरक केला की बाबांचा रक्तदाब वाढायचा.

गंमत म्हणजे ते स्वतः खेकडा खातच नाहीत. काशीला गेले तेव्हा सोडला. काशीला गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू कायमची सोडायची असते. आमच्या गावातल्या शहाण्या लोकांनी कारलं सोडलं. आमच्या एका काकांनी सफरचंद सोडलं, जे त्यांनी जन्मात फक्त दवाखान्यात खाल्लं होतं. देवाला एवढं कळत नसेल असं या लोकांना वाटतं, आणि तेच लोक देवाला सर्वज्ञ म्हणतात. बाबांनी मात्र गंगेत उभं राहून खरोखर जीव की प्राण असलेला खेकडा सोडला. घाटावर आईने डोक्याला हात लावला होता म्हणे.

तर असे हे बाबा परवाच्या पावसाळ्यात न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. यवतमाळला ऑपरेशन झालं, सळई टाकली. डॉक्टरांनी घरी पाठवताना स्वच्छ सांगितलं, आता चालवा. रोज थोडं थोडं चालले नाहीत तर हे उठणारच नाहीत, खाटेवरच राहतील. मी यवतमाळला शाळेत शिकवते, रजा टाकून गावी आले. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी बाबा वॉकर धरून उभे राहिले, भेटायला आलेल्या लोकांसमोर डगमगले आणि पडता पडता खाटेवर कोसळले. लागलं काहीच नाही, पण त्यानंतर त्यांनी वॉकरला हात लावला नाही. विचारलं की म्हणायचे, "दुखते." व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोराला त्यांनी असं काही झापलं की तो पुन्हा फिरकला नाही.

वॉकरवर टॉवेल वाळायला लागला. मग आईचं झंपर. आठवड्याभरात त्या वॉकरचं पार दांडीत रूपांतर झालं. आई बाबांना उठवायची, बसवायची, पुसायची, आणि रात्री स्वतःच्या कमरेला बाम लावून भिंतीकडे तोंड करून झोपायची. मला रडू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा. आयुष्यभर घाटातून गाडी काढणारा माणूस, आणि खाटेपासून दारापर्यंत जायला तयार नाही.

भेटायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. प्रत्येक जण एक फळ आणि एक मेलेला माणूस घेऊन यायचा. "आमच्या मावसभावालेबी असंच झालतं," म्हणायचा, आणि मावसभाऊ शेवटी कसा गेला ते चहा संपेपर्यंत सांगायचा. मी एकदोघांना चहा दिलाच नाही.

मग माझा मामा आला, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मारेगावकडे असतो. त्याच्या मते बाबांच्या अंगात ताकद नव्हती आणि ताकद फक्त खेकड्याच्या रश्श्यात असते. "ते काशीचं काय?" मी म्हटलं. तर म्हणे, "काशीत खेकडा सोडला, रस्सा कुठी सोडला?" बाबांनी कूस बदलली. मामा तरी हटला नाही. त्याच्या मोबाइलवर परदेशातला एक व्हिडिओ होता. तिकडच्या नदीत झिंग्याला खेकड्याच्या नांग्या फुटल्यासारखा एक प्राणी असतो, आणि एक गोरा माणूस त्याला पकडायला पिंजऱ्यात मांजराचं डबाबंद खाद्य लावतो. आता आमच्या गावात मांजरालाच मांजराचं खाद्य मिळत नाही, तर मामाने दुकानातून पाव आणला.

"पाव लावतो," तो म्हणाला.

"पावाले खेकडा येते का कधी?" खाटेवरून आवाज आला. "थो काय चहा घेऊन बसला हाय का आत?"

मामा हसत हसत गेला, पिंजरा ठेवून आला. सकाळी पिंजऱ्यात लगदा होता. बाबांनी मामाच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला, म्हणजे माझ्या आजोळचा. मी मामाची बाजू घेऊन भांडले. आईने मात्र एक पाहिलं होतं, जे मी पाहिलं नव्हतं: शिव्या देताना बाबा कोपरावर टेकून अर्धे उठले होते.

मामा दुसऱ्या दिवशी गेला, पिंजरा राहिला. संध्याकाळी आई खाटेजवळ बसली. समोर विळी, हातात वांगं.

"अजी, पिंजऱ्यात टाकाले फोडी मोठ्या करू का बारीक?"

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "कायच्या फोडी?"

"वांग्याच्या. पिंजऱ्यात लावतो म्हटलं."

"खेकड्याले वांगं?" बाबा कोणाचाही आधार न घेता उठून बसले. "अवं, डोकं ठिकाणावर हाय का तुह्यं? माह्या घरच्या पिंजऱ्यात वांगं?"

आईने शांतपणे फोडी केल्या, मीठ लावलं आणि नाल्यावर जाऊन पिंजरा ठेवून आली. मला वाटलं, जागरणाने आईचं बिनसलं. सकाळी पिंजरा रिकामा. संध्याकाळी तिने सोयाबीनच्या वड्या भिजवल्या. बाबांनी पाय खाली सोडले. त्याच्या पुढच्या दिवशी दुधी किसला. बाबा खाटेची कड धरून उभे राहिले, दुधीवर यथेच्छ बोलले आणि बसले. आता माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. आई खेकडे पकडतच नव्हती.

पण उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं. बाबा उभे राहायचे आणि परत बसायचे. आईची भाजी वाया चालली होती आणि माझी रजा संपत आली होती. डॉक्टरांचा फोन येऊन गेला. ते म्हणाले, किती पावलं टाकतात? मी काय सांगणार, कपाळ?

मग आईने शेवटचा उपाय केला. नळावर पाणी भरताना तिने बायांना सांगितलं की आम्ही आता खेकड्याला वांगं लावतो, आणि घरी येऊन तेही बाबांना सांगितलं.

"त्या म्हने वांगं कोनं सांगतलं. मी म्हटलं, यायनंच सांगतलं."

बाबांचा चेहरा काळानिळा झाला. गाडी उशिरा आली म्हणून लोकांनी दगड मारले तेव्हाही तो असा झाला नव्हता. "माह्यं नाव सांगतलं?" ते म्हणाले. त्यांनी वॉकरवरचा टॉवेल फेकला, झंपर फेकलं, आणि वॉकर धरून तसेच निघाले. उंबऱ्याशी अडखळले. मी धरायला धावले तर आईने माझा दंड असा घट्ट पकडला की तिची बोटं उमटली. ती स्वतः दाराकडे पाठ करून सुपात तूर पाखडायला बसली. तूर कालच पाखडून झाली होती. हात नुसते हलत होते आणि दाणे सगळ्या घरभर उडत होते.

बाबा त्या दिवशी फाटकापर्यंत गेले आणि पारावरच्या लोकांना तिथूनच ओरडून खुलासा दिला. दुसऱ्या दिवशी खुलासा पुरेसा झाला नाही म्हणून पारापर्यंत गेले. तिथे सुकटवाल्याशी वाद झाला, तो मिटला नाही, म्हणून रोज जावं लागलं. असं करता करता एका संध्याकाळी ते आतड्याची पुडी वॉकरला बांधून नाल्याकडे निघाले. मी मागे. वॉकरचे पाय चिखलात रुतत होते, बाबा वॉकरला शिव्या देत होते, रस्त्याला देत होते, सरपंचाला देत होते. काठावर बसून त्यांनी मच्छरदाणीचा तुकडा बांधला. मी दगडाच्या आडोशाला पिंजरा ठेवला, तर म्हणाले, "तोंड पान्याच्या धारीकडे कायले केलं? फिरव." मी फिरवला. एरवी मी असं कोणाचं ऐकून घेत नाही.

सकाळी पिंजरा इतका भरला होता की कामट्या वाजत होत्या. बाबांनी तो वॉकरला टांगून पारासमोरून नेला, अगदी सावकाश, वॉकरला लागणाऱ्या वेळापेक्षाही सावकाश.

संध्याकाळी आईने रस्सा केला. बाबांनी आपलं वरण-भाकर खाल्लं. जेवण होत आलं तेव्हा ते आईला म्हणाले, "उद्या काय लावतं पिंजऱ्यात?"

"तुमी सांगसान ते."

"वांगं लाव," बाबा म्हणाले. "नाई तं मी कायले उठीन?"

आईचा घास हातातच राहिला. "तुमाले समजलं होतं?"

"तुह्या माहेरी नाला घरामागून वायते. लहानपनापासून खेकडे धरत आली तू. तुले समजत नाई का, वांग्याले खेकडा येत नाई म्हनून? पहिल्याच दिवशी समजलं होतं मले."

"मंग तवाच काहून नाई चालले?"

मला वाटलं, आता बाबा ओरडतील. "भेव लागे," ते म्हणाले. "पडीन, पुन्हा मोडन, अन् तुलेच उचला लागन. पन तू रोज संध्याकाळी कमरेले हात लावून उठे अन् वांगं घेऊन बसे. हे बाई काही वांगं सोडत नाई, म्हटलं."

आई सवयीने उठली आणि बाबांच्या ताटात हात धुवायला पाणी घालायचं म्हणून तांब्या घेऊन आली. बाबा म्हणाले, "बस तू." मग वॉकर ओढून घेतला, उठले, मोरीपर्यंत गेले आणि स्वतः पाणी घेऊन हात धुतले. हाड मोडायच्या आधीसुद्धा जेवल्यावर ते कधी तिथपर्यंत गेले नव्हते.